हळद लावतो म्हणून सांगितलंय

बुकित पंजांग, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २०२४

सौमित्र,

पत्र कशाला, असं विचारू नकोस. आपलं व्हॉट्सअॅप घरातल्या टॅबवर उघडं पडतं आणि त्याच टॅबवर बाबा सकाळी बातम्या वाचतात. फोनवर तर माझी जीभच रेटत नाही. दोन वर्षांत तुझा फोन आला तेव्हा तेव्हा मी 'जेवलास का' याच्यापुढे गेलेले नाही. लेटरबॉक्सची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, तेव्हा तूही कागदावरच उत्तर पाठव.

आधी माझा पराक्रम ऐक. परवा मंडळाचा भोंडला होता. गाणी संपली, खिरापत ओळखायचा गोंधळ चालला होता आणि तेवढ्यात मीनल माझ्या शेजारी येऊन टेकली. "अगं अरुणा, सौमित्र कुठे असतो सध्या? वन-नॉर्थची लॅब सोडली म्हणे." मी म्हटलं, थायलंडला. "तिथे काय करतो?" माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. तोंडातून निघून गेलं, "शेती. हळद लावतो." "अय्या! ऑरगॅनिक?" मी म्हटलं, ऑरगॅनिक. खिरापत वाटून होईपर्यंत अख्ख्या हॉलला तुझी हळद माहीत झाली होती.

परत येताना एलआरटीत चैत्राली माझ्यावर उखडली. "आई, व्हाय यू लाइक दॅट? यू एनीहाऊ टेल पीपल, नंतर हाऊ?" मी म्हटलं, मग काय सांगू, दादा गांजा लावतो म्हणून? आणि लगेच डब्यात कोणाला मराठी येतं का ते बघून घेतलं.

लिहिला बघ शब्द. एकदाच. इथून पुढे मी 'झाड' म्हणणार, तू समजून घे.

तिथे ते कायद्यात बसतं, तुझ्याकडे परवाना आहे, माल औषधासाठी जातो, हे सगळं तू सांगितलंयस आणि मला पटलंयसुद्धा. पण तू इथे वाढलास. शाळेच्या भिंतीवरची नशेविरुद्धची ती पोस्टरं बघितलीस, दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस केलीस. युनिफॉर्ममधला तुझा फोटो अजून शोकेसमध्ये आहे. बाबा तुझ्याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत, पण फोटो दर रविवारी पुसतात.

पत्राचं खरं कारण हे की मार्चमध्ये त्यांना साठ पूर्ण होतात. साठीशांत करायची आहे आणि तू यायचंस. 'या घरात पाऊल टाकू नकोस' असं ते म्हणाले होते, ते मला पाठ आहे. त्यांच्याकडे मी बघून घेईन. तू फक्त हो म्हण.

आई

---

१८ नोव्हेंबर २०२४

सौमित्र,

तुझं पत्र आलं. मी ते खाली लिफ्टपाशीच उभं राहून वाचलं, मग वर येऊन बाथरूममध्ये वाचलं. पाच पानं! मार्चबद्दल त्यात एक ओळ, 'बघतो', आणि बाकी सगळी झाडं. पोरा, तू प्रेमपत्रही असंच लिहिशील.

पण मला समजलं का ते तपासून बघ. तुझ्या संकराची आई तिकडच्या डोंगरातली, उंच, लुकडी, फुलोरा विरळ, यायला फार वेळ लावणारी. बाप परदेशी, कोरड्या थंड हवेतला, बुटका, लवकर फुलणारा, फुलं गच्च. बाजाराला गच्च फुलं हवीत. आणि तुझ्या खनोमला ऑक्टोबर ते डिसेंबर समुद्रावरून पाऊस, हवा इतकी ओली की वाळत घातलेली चड्डी वाळत नाही. मग फूल बाहेरून टवटवीत दिसतं आणि उघडलं की आत राखाडी बुरशी. बरोबर?

हे मला कोणी सांगायला नको. इथे कपाटात ठेवलेल्या बाबांच्या पट्ट्याला बुरशीचे केस येतात, डीह्युमिडिफायरची बादली मी रोज ओतते. आणि माहेरी, रेवदंड्याला, आमच्या परसात शेवंती होती. पावसाळी हवेत ती आतूनच सडायची, कारण पाकळ्यांत वारा शिरायला जागाच नाही. शेजारच्या अबोलीला काही व्हायचं नाही. माझी आई म्हणायची, फुलाला थोडं विस्कटलेलं राहू द्यावं. तुला गच्च फूल हवंय आणि दर्याकाठची हवाही हवीय, दोन्ही कसं मिळेल? आईचा विरळपणा आणि बापाची घाई, एवढंच घेणारं एखादं पोर त्यांच्यात निघतंय का बघ.

हे लिहिलं आणि चैत्रालीला सहज विचारलं, तर ती म्हणते की असं झाड कसं वाढवायचं ते दुसऱ्याला शिकवणं हासुद्धा इथे गुन्हा आहे. तेव्हा मी शेवंतीबद्दल बोलत होते, याची नोंद घे. मी आयुष्यात च्युइंगगम चघळलेलं नाही, लाल दिव्यात रस्ता ओलांडलेला नाही, आणि तू माझ्याकडून हे लिहून घेतोयस. सारखी उठून दार लागलंय का ते बघतेय.

'बघतो' हे उत्तर मला चालत नाही. मी गुरुजींशी बोलले आहे. मार्चमधले शनिवार कुठले मोकळे आहेत ते त्यांनी कळवलंय.

आई

---

१७ डिसेंबर २०२४

सौमित्र,

तुझा बराचसा फुलोरा कुजला हे वाचून मला जेवण गेलं नाही. कुजू देत, असं मी दोन वर्षं देवापाशी म्हणत आले होते. कुजेल, कंटाळेल, परत येईल. आता खरंच कुजलं तर मी ऑफिसात एक्सेल उघडून तशीच बसून राहिले. तू लिहिलंस की ओळींच्या ओळी उपटून जाळल्या आणि शेवटच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला, एका जातीची झाडं तशीच उभी आहेत. फुलं सुटसुटीत आहेत, लवकर भरलीत, आणि उघडून बघितलं तर आत स्वच्छ. वाचून मी टाळी वाजवली. कोणाला सांगू? मीनलला सांगू, की माझ्या लेकाची हळद बघ, पावसाला पुरून उरली?

तीच तर नवी आफत आहे. मीनलने मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलंय की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 'आपल्या अरुणाच्या सौमित्रच्या शेतातली' हळद लुटायची. प्रत्येकीला एक पुडी. खाली टाळ्या, हार्ट, काय काय. पुडी हा शब्दच मला नकोसा झालाय.

तू काहीही पाठवू नकोस, नीट वाच. तुझ्या शेतावरून, तुझ्या गोडाऊनमधून, तुझ्या हातून इथे काहीही यायला नको. मी टेक्का मार्केटमधून हळद आणते, छोट्या पिशव्या भरते आणि तुझी म्हणून देते. कोणाला कळणार आहे? हळद ती हळद.

बाबांशी काल बोलायचा प्रयत्न केला. "सौमित्र मार्चमध्ये आला तर..." एवढंच म्हटलं. त्यांनी ताटावरून उठून हात धुतले. बँकेत कम्प्लायन्समध्ये, नियम तपासण्यात, तीस वर्षं काढलेला माणूस, फॉर्मसुद्धा कॅपिटल अक्षरांत भरतो. तुझ्या हट्टाला आणि त्यांच्या हट्टाला एकच खाण आहे आणि मधल्या मध्ये मी येरझाऱ्या घालतेय. एवढं मात्र सांगते, त्यांच्या मोबाइलवर हवामानाचं पान उघडं होतं आणि त्यावर सिंगापूरच्या खाली खनोम होतं.

आई

---

११ जानेवारी २०२५

सौमित्र,

वाणाचं तुला चैत्रालीने फोनवर सांगितलं असणार, आणि माझं पत्र व तुझं खोकं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. नाहीतर तू असं केलं नसतंस.

सकाळी बेल वाजली, मी आंघोळीत, बाबांनी सही करून खोकं घेतलं. मी बाहेर आले तर ते जेवणाच्या टेबलावर, वर तुझं अक्षर, आणि बाबा समोर खुर्चीत बसलेले. उघडलं नव्हतं. "तुझ्या नावाचं आहे," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. तो पेपर कालचा होता.

मी खोकं स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. हळदीच्या कापडी पिशव्या, प्रत्येकीला लाल दोरा, आणि तुझी चिठ्ठी. हळद शेजारच्या आजीबाईंची, त्यांनीच दळून दिली, पिशव्या तूच शिवल्यास, 'तुझं खोटं निदान अर्धं तरी खरं व्हावं म्हणून मी बांधावर या वर्षी हळद लावलीय, ती पुढच्या संक्रांतीला.' मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी एक पिशवी नाकाशी नेली.

हळदीचाच वास होता. नक्की हळदीचाच. पण मला त्या झाडाचा वास माहीत आहे कुठे? हळदीच्या आडून दुसरं काही येतंय का, पिशव्या तू कुठल्या खोलीत शिवल्यास, तेव्हा हात धुतले होतेस का, त्या कापडाला काय लागलंय, मी पुन्हा पुन्हा हुंगत बसले आणि प्रत्येक वेळी वेगळा वास यायला लागला. चैत्रालीला उठवलं. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट हळद ला. रिलॅक्स कॅन?" मला रिलॅक्स होता येईना. विमानतळावर कुत्र्यांनी सोडलं म्हणून काय झालं? हॉलमध्ये पन्नास बायका, त्यांच्या पर्सा, त्यांची मुलं. एखादीचा नवरा कुठे कामाला असेल काय सांगावं.

मी ते सगळं कचऱ्याच्या शूटमध्ये टाकलं, सौमित्र. स्वयंपाकघरातलं ते झाकण उघडून एकेक पिशवी. नळीतून तळापर्यंत पडताना आवाजसुद्धा होत नव्हता. चिठ्ठी फाडली. खोक्यावरचं तुझं नाव कात्रीने कापलं. वळले तर बाबा दारात उभे. ओट्यावर हळद सांडली होती, ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि ते फडकंही शूटमध्ये टाकलं.

तू दोरा ओवत बसला असशील, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्यावर चीड, हवं तर. पण असं काही पुन्हा पाठवू नकोस.

आई

---

२० जानेवारी २०२५

सौमित्र,

शनिवारी हळदीकुंकू झालं. टेक्काची हळद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून नेली. बायकांनी हुंगून हुंगून कौतुक केलं. मीनल म्हणाली, "बाजारच्या हळदीला हा वास येतच नाही गं." मी हसले. काळी साडी नेसले होते म्हणून बरं, घामाने पाठ भिजली होती.

नेमके बाबा मला न्यायला लवकर आले. हॉलच्या दारात मीनलने त्यांना गाठलं. "प्रबोधराव, मुलाने नाव काढलं हं! ही हळद खरंच त्याच्या शेतातली ना? का अरुणा आम्हाला बनवतेय?" ती चेष्टेतच म्हणाली, पण मी घाईने बाबांची बाही धरली. तुला माहीत आहे ते कसे आहेत. चैत्रालीच्या शाळेला खोटी सर्दी कळवायलाही त्यांनी कधी मदत केली नाही. बाबांनी ती पिशवी हातात घेतली, चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "त्याच्याच शेतातली. पाऊस फार झाला यंदा, पण मुलगा मेहनती आहे."

मुलगा मेहनती आहे! दोन वर्षांनी तुझा उल्लेख आणि तो असा.

टॅक्सीत मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मग येऊ दे ना त्याला मार्चमध्ये. ते बाहेर बघत होते. म्हणाले, "त्याला लिही, येऊ नकोस." माझा संताप संताप झाला. टॅक्सीवाला मागे बघायला लागला इतकी मी बोलले. दगड म्हटलं त्यांना. ते ऐकून घेत राहिले. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाले, "अरुणा, तो स्वतः घेतो का?"

हा प्रश्न मी तुला कधी विचारलेला नाही. मला सुचला नव्हता असं नाही, मी तो बाजूला सारत आले.

मग त्यांनी समजावलं, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंगमध्ये सांगतात तसं. आपण इथले नागरिक. तिकडे कायद्यात बसत असलं तरी इथल्या नागरिकाने जगात कुठेही घेतलं तर तो इथला गुन्हा. चांगीला उतरलं की बाजूला घेऊन लघवी तपासू शकतात, केस तपासू शकतात. "तो एअरपोर्टवरून घरी येणारच नाही," बाबा म्हणाले. "तू इथे रांगोळी काढून बसशील आणि तो आत असेल. म्हणून मी त्याला म्हटलं होतं, पाऊल टाकू नकोस." मी विचारलं, एवढंच कारण होतं? तर म्हणाले, "रागही होता. आहे."

आता मी विचारतेय. तू घेतोस का? आडपडदा न ठेवता लिही. नसशील घेत तर तसं लिही, मी लगेच तिकीट काढते. माझ्या मनासारखं उत्तर देऊ नकोस. पत्र मिळाल्या दिवशीच लिही, रे. मी लेटरबॉक्सपाशी दिवसातून किती वेळा जाते ते खालच्या दुकानदाराला विचार.

आई

---

१६ फेब्रुवारी २०२५

सौमित्र,

तुझं पत्र आलं. लहान होतं.

'आई, हो. रोज नाही, पण घेतो. स्वतःच्या झाडाची पारख दुसऱ्याच्या जिभेवर सोपवता येत नाही.' हे वाक्य तुला फार छान वाटलं असेल. मला नाही वाटलं. मी तुझ्या दहावीच्या वर्षी तुझ्या खोलीत वाळ्याचं पाणी आणून ठेवत होते, ते यासाठी नाही. राग आला, खूप आला, अजून आहे. पण खोटं बोलला नाहीस. बोलला असतास तर मी तिकीट पाठवलं असतं आणि तू माझ्यासाठी त्या विमानात बसलाही असतास.

पुढे लिहिलंस, महिनाभर बंद करतो, मग येतो. हे मी बाबांना वाचून दाखवलं. हो, तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, आता लपवण्यात काही राहिलं नाही. ते म्हणाले, केसांत राहतं. शिवाय तू दिवसभर त्या फुलांत उभा असतोस. जोखीम किती, कोणाला ठाऊक. कदाचित तुला कोणी अडवणारही नाही, सरळ बाहेर येशील. पण 'कदाचित'वर मी माझा मुलगा लावणार नाही.

झाड सोड, असंही लिहून बघितलं. दोन पानं लिहिली आणि फाडली. ज्या जातीने तुझा अख्खा पावसाळा काढला, तिचं बी धरायचं आहे, ते पुढच्या पावसात पुन्हा उभं राहतं का ते बघायचं आहे, त्याच्या पुढच्या पावसातही बघायचं आहे. ते वाचताना मला कळलं की तू परत येणारा मुलगा नाहीस. मला त्या झाडाचा अभिमान वाटतो आणि त्याचा तिरस्कारही वाटतो, आणि यातलं एकही इथे कोणापाशी बोलता येत नाही.

म्हणून लिहिते. येऊ नकोस. मार्चमध्ये नको, गणपतीत नको, चैत्रालीच्या लग्नातही नको. मला बरं नाही असं कोणी कळवलं तरी नको. मीच गयावया करून बोलावलं तरी नको, तेव्हा मी भानावर नसेन असं समज. हे वाक्य मी तिसऱ्यांदा पेन उचलून पुरं केलंय.

बाबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? म्हणाले, "लिही, पाऊल टाकू नकोस म्हटलं होतं ते अजून तसंच आहे." आणि मग टॅब उघडून म्हणाले, "थायलंडला, हात याईला थेट विमान आहे का बघ."

आम्ही १५ मार्चला हात याईला येतोय. दोघंच, चैत्रालीची परीक्षा आहे. तुझ्या शेतावर येणार नाही, बाबांनी आधीच बजावलंय. आम्हाला इथे परत उतरायचं आहे. म्हणजे तुझं ते झाड मी बघणार नाही, हे मला आत्ताच कळून चुकलंय. हॉटेल शहरातच घेतलंय. नव्या कपड्यांत ये, दुकानातून थेट अंगावर चढवलेल्या. केस कापून, दोनदा न्हाऊन ये. हे बाबांनी सांगितलंय, मी नाही. मी तुला मातीत लडबडलेला असलास तरी कवटाळलं असतं.

गुरुजी नाहीत, होम नाही. हॉटेलच्या खोलीत तू त्यांना ओवाळ, निरांजन मी आणते.

विमानतळावर लवकर ये. बाबांचे केस आता सगळे पांढरे झालेत, चालताना डाव्या बाजूला झुकतात, लांबून पटकन ओळखू येणार नाहीत. ते थांबतील आणि बॅगेचं काहीतरी करत राहतील. आधी बोलणार नाहीत. तू बोल.

आई